सिकंदरबागेतील हाडे : पुरावा की मांडणी?

तळटीप (धागाकर्ता)

एका दिवाळी अंकात १८५७ वरील लेखासोबत लखनौच्या सिकंदरबागेचा तो प्रसिद्ध फोटो छापला आहे आणि त्याखाली 'नोव्हेंबर १८५७ : लढाईनंतरचे दृश्य' अशी फोटोओळ आहे. अंकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही चूक त्या एकट्या अंकाची नाही. फोटो अनेकांनी पाहिला असेल. मागे तोफगोळ्यांनी खिळखिळी झालेली खांबांची इमारत, तिच्यासमोर चार हिंदी माणसे आणि एक घोडा, आणि अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या पायाशी असावीत अशी विखुरलेली हाडे आणि कवट्या.

आता तारखा पाहू. सिकंदरबागेतल्या बंडवाल्या शिपायांवर इंग्रज फौजेचा हल्ला झाला १६ नोव्हेंबर १८५७ रोजी. फोटो काढणारा फेलिचे बिआतो कलकत्त्यात उतरला फेब्रुवारी १८५८ मध्ये, आणि लखनौ पुरते इंग्रजांच्या ताब्यात गेले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. म्हणजे लढाई आणि फोटो यांच्यात किमान चार महिने गेले होते. त्या काळी अवधमध्ये असलेला मुलकी अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की प्रेतांचा ढीग व्यवस्थित झाकून टाकलेला होता, पण छायाचित्रकाराने हट्ट धरून तो फोटोसाठी पुन्हा उघडा करायला लावला. माझे म्हणणे एवढेच आहे की जे दृश्य कॅमेऱ्यासाठी तयार केले गेले, त्याला आपण १८५७ चा पुरावा म्हणून छापू नये. त्याला चित्र म्हणावे आणि चित्रासारखेच वापरावे.

अंधारखोली

तारखांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. मी हौस म्हणून ओल्या प्लेटची, म्हणजे १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या कलोडियनच्या (काचेवर पातळ थर धरणारा चिकट द्रव) पद्धतीची छायाचित्रे करतो. काच एका हाताच्या बोटांवर तोलून धरायची, मध्यभागी कलोडियन ओतायचे, काच कलती करत ते चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचे आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेले बाटलीत परत घ्यायचे. मग अंधारात तीनेक मिनिटे सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. पुण्याच्या एप्रिलमध्ये माझी प्लेट कडेने सुकायला लागते तेव्हा हातात जेमतेम पाच-सहा मिनिटे असतात, आणि बोटांवरचे काळे डाग पुढचा आठवडाभर जात नाहीत. बिआतो त्या दिवसांत अल्ब्युमेनच्या, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या थराच्या, प्लेटही वापरत असे. त्या आधी तयार करून ठेवता येतात खऱ्या, पण प्रकाशाला त्या याहूनही मंद.

हे इतके लांबवण्याचे कारण असे की या तंत्रात धावते, पडते, मरते माणूस टिपताच येत नाही. कॅमेरा पोहोचायचा तो नेहमी नंतरच, आणि पोहोचल्यावर समोरच्या प्रत्येक गोष्टीला 'हलू नका' असे सांगावे लागायचे. फोटोतला घोडासुद्धा कोणीतरी धरून उभा केलेला आहे. मांडणी हाच गुन्हा धरला, तर त्या शतकातला एकही युद्धफोटो शिल्लक राहत नाही. बाग खरी, इमारत खरी, हाडे खरी आणि मेलेली माणसेही खरी. आणखी कोणता पुरावा हवा आहे?

तळटीप

समोर बसलेल्या माणसाला मान ताठ ठेवायला सांगणे आणि पुरलेल्या माणसाला उकरून काढणे, या दोन्हींना 'मांडणी' हा एकच शब्द लावून तुम्ही वाद फार सोपा करून टाकता आहात. तंत्राच्या मर्यादेमुळे इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटनने १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात माणसे स्थिर उभी केली, हे समजू शकते. पण त्याच फेंटनने तोफगोळ्यांनी भरलेल्या त्या ओसाड घळीच्या दोन प्लेटा घेतल्या. एकीत रस्ता मोकळा आहे आणि गोळे कडेच्या चरात आहेत, तर दुसरीत गोळे रस्त्यावर पसरलेले आहेत. कॅमेरा मात्र तसूभरही हललेला नाही. प्रसिद्ध झाली ती दुसरी. तिथे काही रसायनाने सक्ती केली नव्हती.

अंधारखोली

सैनिक पुन्हा डागण्यासाठी ते गोळे गोळा करत असत. मग मोकळा रस्ता नंतरचा कशावरून नाही?

तळटीप

दोन्ही प्लेटांतील उतारावरचे लहान दगड अमेरिकी चित्रपटकार एरल मॉरिस यांनी २००७ साली ताडून पाहिले. रस्ता मोकळा असलेल्या प्लेटेत जे दगड वर आहेत, तेच भरलेल्या प्लेटेत खाली घसरलेले दिसतात, आणि दगड उतारावरून वर चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा आणि गोळे नंतर आले. ते फेंटनने स्वतः हलवले की तिथल्या सैनिकांनी, हा प्रश्न वेगळा.

मुक्काम पोस्ट

दगडांचा युक्तिवाद मला पटतो, पण सिकंदरबागेच्या बाबतीत तळटीप यांनी साक्षीदारांपैकी सोयीचा तेवढा एकच पुढे केला आहे. लखनौच्या मोहिमेत असलेला तोफखान्याचा अधिकारी फ्रान्सिस कॉर्नवॉलिस मॉड यानेही याच फोटोबद्दल लिहिले आहे. त्याने पाहिले तेव्हा प्रेते रीतसर पुरली जात होती, त्यामुळे फोटोत दिसणारी हाडे कुत्र्यांनी उकरली असावीत, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे त्याच्या अंदाजात छायाचित्रकाराचा हात येत नाही. कॅम्पबेलच्या आठवणी छापल्या गेल्या १८९३ मध्ये आणि मॉडच्या १८९४ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पस्तीस-छत्तीस वर्षांनी. एकाचे मानायचे आणि दुसऱ्याचे नाही, हे कोणत्या आधारावर ठरवायचे?

ज्या मार्चमध्ये लखनौ पडले, त्याच मार्चच्या अखेरीस वरसईचे गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यात अडकले होते. 'माझा प्रवास' त्यांनी पुष्कळ वर्षांनी आठवणीतून लिहिला आणि तो छापला गेला थेट १९०७ साली. आपण त्याला साधन मानतो, आणि त्यातला तपशील दुसऱ्या साधनांशी ताडून घेतो. 'हे नंतर रचलेले आहे, सबब पुरावा नाही' असे आपण तिथे म्हणत नाही. फोटोला मात्र एक तर देववाणी मानायची, नाही तर थेट खोटारडा ठरवायचे, असे का?

माझ्या मते खोटेपणा काचेवर नसतो, खालच्या ओळीत असतो. अमेरिकी यादवीतले उदाहरण घ्या. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे दगडी आडोशामागे पडलेल्या मृत सैनिकाचा फोटो टिमथी ओ'सलिव्हनने काढला आणि अलेक्झांडर गार्डनरने तो आपल्या संग्रहात छापला. तोच मृतदेह त्याच परिसरातील दुसऱ्या जागीही टिपलेला आहे, हे इतिहासकार विल्यम फ्रासानितो यांनी १९७० च्या दशकात जागा शोधून दाखवून दिले. म्हणजे प्रेत उचलून आडोशाशी आणले होते आणि शेजारची बंदूकही ठेवलेली होती. हे वाईटच. पण गार्डनर त्यावर थांबला नाही. आपण नोव्हेंबरमध्ये परत गेलो, तेव्हा तो सांगाडा आणि ती गंजलेली बंदूक तिथेच होती, असे त्याने सोबतच्या मजकुरात लिहिले. त्या रणभूमीवरून हौशी लोक काडतुसेसुद्धा वेचून नेत होते, तिथे बंदूक चार महिने पडून राहील? ही थाप शब्दांनी मारलेली आहे.

आडवाट

मुक्काम पोस्ट यांनी फोटोओळीकडे बोट दाखवले, ते बरे झाले, कारण बिआतोच्या फोटोची मूळ फोटोओळ इथे अजून कोणीच दिलेली नाही. तिचा आशय असा : ९३ वी हायलँडर आणि चौथी पंजाब या पलटणींनी केलेल्या २,००० बंडखोरांच्या कत्तलीनंतरचा सिकंदरबागेचा अंतर्भाग, सर कॉलिन कॅम्पबेल (इंग्रज सेनापती; आठवणी लिहिणारा जॉर्ज कॅम्पबेल वेगळा) यांचा पहिला हल्ला, नोव्हेंबर १८५७. नीट वाचा. फोटो नोव्हेंबरमध्ये काढला असे ती म्हणत नाही. ती हल्ल्याची तारीख सांगते आणि नुसते 'नंतरचा' म्हणून मोकळी होते. गार्डनरसारखी उघड थाप इथे नाही, आणि तरीही वाचणाऱ्याचा जो ग्रह व्हायचा तो होतोच. दिवाळी अंकवाल्यांचाही तोच झाला. मूळ ओळीने जे संदिग्ध ठेवले होते, ते त्यांनी ठाम करून टाकले इतकेच.

मला खटकतो तो दुसराच शब्द. 'कत्तल' हा शब्द आरोप म्हणून नव्हे, तर कामगिरी म्हणून छापलेला आहे. हे फोटो विकत घेणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकाची कोणी फसवणूक केली नाही, कारण त्याला हवे होते तेच त्याला मिळाले. त्यामुळे हाडे कुत्र्यांनी उकरली की मजुरांनी, यावर कितीही खल केला, तरी ती उघड्यावर पाहायला कोणाला हवी होती, हा प्रश्न तसाच उरतो. क्रिमियात फेंटनने आपल्या बाजूचे एकही प्रेत दाखवले नाही. बिआतोने दाखवले ते हरलेल्यांचे. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८६० मध्ये, चीनमधील ताकू किल्ल्यांतही त्याने तेच केले आणि तिथेही मेलेले चिनीच होते.

अंधारखोली यांच्या 'सगळेच मांडलेले असते' या म्हणण्यावरही एक शंका आहे. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींची चित्रे दोन भागांत छापली. त्यात स्टुडिओत उभे केलेले लोक वेगळ्याच ठिकाणच्या पार्श्वभूमीवर चिकटवलेले आहेत. तिथेही माणसे खरी, जागा खरी आणि कपडे खरे. ती माणसे त्या जागी कधी उभी मात्र नव्हती. त्यालाही पुरावा म्हणायचे का?

अंधारखोली

म्हणायचे, पण कपड्यांचा. जागेचा नाही. जॉन्सनचे उदाहरण माझ्या बाजूचे नाही, हे मान्य करतो. प्लेट मंद होती म्हणून कोणी कात्री हातात घेत नाही. सिकंदरबागेबाबत मात्र मी मागे हटत नाही. हा फोटो नसता, तर पडलेल्या शिपायांचे काय झाले याबद्दल आपल्याकडे फक्त जिंकणाऱ्यांच्या आठवणी उरल्या असत्या, आणि त्या आठवणी तर 'व्यवस्थित झाकले होते', 'रीतसर पुरले जात होते' एवढेच सांगतात. काचेवरच्या हाडांनी त्या दोघांनाही उघडे पाडले आहे.

तळटीप

हा शेवटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. 'पुरावा म्हणून छापू नये' हे माझे विधान मागे घेतो. अंकाच्या संपादकांना पत्र पाठवतो आहे आणि त्यात ही फोटोओळ सुचवतो आहे : 'सिकंदरबाग, लखनौ. १६ नोव्हेंबर १८५७ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या बंडखोर शिपायांची हाडे. हल्ल्यानंतर किमान चार महिन्यांनी, १८५८ मध्ये फेलिचे बिआतो याने काढलेला फोटो. एका समकालीन अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार हाडे फोटोसाठी उघडी करण्यात आली होती, दुसऱ्याच्या मते ती कुत्र्यांनी उकरली.'

आडवाट

'बंडखोर' काढा. तो शब्द बिआतोच्या ओळीतून तुमच्या ओळीत तसाच उतरला आहे. आणि उभ्या असलेल्या त्या चार माणसांचाही एका वाक्यात उल्लेख करा. हाडांवरून एवढी चर्चा झाली, पण घोडा सोडला तर त्यांच्याबद्दल कोणी काही विचारले नाही.