बासचे ल्युअर माळव्याच्या तळ्यात कशाला?

चोरलवाला

इंदूरच्या आजूबाजूला गळ टाकणाऱ्या तरुण मंडळींचा डबा हल्ली उघडून बघा. क्रँकबेट, जर्कबेट, ड्रॉपशॉटचे बारके गळ, हातभर लांब रबरी किडे. सगळं ल्युअरचं, म्हणजे नकली आमिषांचं सामान, अमेरिकेतल्या बास नावाच्या शिकारी माशाचे व्हिडिओ बघून मागवलेलं. आणि टाकायचं कुठे, तर महूकडच्या नाहीतर देपालपूरकडच्या एखाद्या तळ्यात, जिथे अर्धं पाणी जलकुंभीनं झाकलेलं, उरलेलं गढूळ आणि काठाला बेशरमाची झुडपं. तिथे बास नाहीच. तिथे आहे मरळ.

माझं म्हणणं एवढंच की बासवाल्यांकडून त्यांचा डबा घेऊ नका, त्यांची विचार करायची रीत घ्या. बास कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला वर यायची गरज नाही. म्हणून तिकडे गवताच्या जाड थराखाली दडलेल्या बासपर्यंत पोचायला टंगस्टनचं जड वजन लावून थर फोडतात आणि रबरी किडा खाली सोडतात. मरळीला मात्र थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते, येऊ दिली नाही तर ती पाण्यात गुदमरून मरते. जो मासा आपणहून वर येतो त्याच्यासाठी एवढी खोदाखोद कशाला?

तिला लागतो पोकळ रबरी बेडूक. त्याच्या दोन गळांची टोकं पाठीला चिकटून असतात, त्यामुळे पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मासा दाताखाली दाबतो तेव्हा रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. हवा घेतल्याचा 'गुळुप' आवाज आला की नेमकं तिथेच टाकू नका, मासा तिथून निघालेला असतो. लाट कुठल्या बाजूला सरकली ते बघा, त्याच्या दोन हात पुढे-पलीकडे टाका आणि बेडूक तिच्या वाटेत आणा. पाणी फुटलं की लगेच हिसका द्यायचा नाही. दोरा सरकू द्यायचा, ताण लागला की मग खांद्यापासून झटका. मरळीचं तोंड हाडाचं, लेच्यापेच्या काठीनं गळ रुतत नाही. काठी कडक हवी आणि दोरा विणलेला, चाळीस-पन्नास पौंडांचा.

माझ्याकडे एक काळा बेडूक, एक पांढुरका आणि पाण्यात गरगर फिरणाऱ्या गोल पात्याचा एक स्पिनरबेट आहे. बाकीचं सगळं दुकानदाराच्या भल्यासाठी.

बिलावलीचे आबा

अरे बाळा, तू तीनवर आलास, मी म्हणतो ते तीन तरी कशाला?

आपल्या तळ्यांत ठेकेदार काय सोडतो? रोहू, कटला, मृगळ. कटला वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ उपसतो. यातला एकही तुझ्या बेडकाकडे ढुंकून बघणार नाही. त्यांना लागते भाजक्या चण्याच्या पिठाची गोळी, शेंगदाण्याची पेंड, थोडी मेथी. गोळी कशी हवी? पाण्यात पडताना फुटायला नको आणि तळाशी गेल्यावर दगडासारखी बसायलाही नको. हळूहळू विरघळली पाहिजे, वास पसरला पाहिजे. सगळी कला त्या मळण्यात आहे आणि ती कुठल्या पाकिटात मिळत नाही.

आणि मरळच हवी असेल तर गांडूळ आहे, छोटा मासा आहे. खरं जेवण समोर असताना रबर कोण खाईल?

रीळमास्तर

आबांना नमस्कार, पण मला दोघांचंही पटत नाही.

चोरलवाला, तुम्ही एका ऋतूचं आणि एका पाण्याचं सांगताय. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, त्याची भूक आणि श्वासाची गरज दोन्ही कमी होते, मरळ वर येणंही कमी करते. तेव्हा वरून बेडूक नाचवून काय होणार? तिथे बासवाल्यांची टेक्सास रिगच लागते. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन पुढे, मागे रबरी किडा, गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवलेलं. बेशरमाच्या मुळांत घाला, अडकत नाही. टाकायचा, तळाला लागू द्यायचा आणि मग थांबायचं. आपल्याला कंटाळा येईल इतकं थांबायचं.

पाणी बदललं की स्पिनरबेटचं पातंही बदलावं लागतं. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या रेषेनं, म्हणजे पाण्यातल्या कंपनांवरून भक्ष्य ओळखतो. तिथे गोल कोलोरॅडो पातं चालतं, कारण ते धडधडतं. स्वच्छ पाण्यात विलोच्या पानासारखं निमुळतं पातं चमकतं, ते तिथे कामाचं. हे मला बासवाल्यांनी शिकवलं आणि ते मरळीलाही लागू पडतं. फिनलंडचा लाउरी रापाला १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरत बसला तो काही हौस म्हणून नव्हे. मोठा मासा कळपातला लंगडत पोहणारा मासाच उचलतो हे त्यानं बघितलं होतं. ती लंगडी चाल तुमच्या बेडकात नाही.

आबा, रबर कोण खाईल म्हणता, तर बासचा जागतिक विक्रम ऐका. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, किलोत दहाच्या जरा वर. नकली माशावर.

स्नेहलतागंजचा भाचा

मास्तर, अर्धीच गोष्ट सांगितलीत. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरितानं त्या विक्रमाची बरोबरी केली. त्याचा मासा काट्यावर थोडा भारीच होता, पण विक्रम मोडायला जेवढा किमान फरक लागतो तेवढा नव्हता, म्हणून दोघांचं नाव लागलं. आणि कुरितानं गळाला लावला होता जिवंत ब्लूगिल मासा! 😄

आबा, एक-एक झाले.

अटलांटाकर (मूळचा रामबागेतला)

मी पेरीच्याच राज्यात राहतो आणि इथल्या तलावांवर बास धरतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. बासच्या व्हिडिओंत सगळीकडे ल्युअरच का दिसतात? रे स्कॉटनं १९६७ मध्ये बासच्या मोठ्या स्पर्धा सुरू केल्या, आणि त्या सर्किटवर जिवंत आमिष चालत नाही, ल्युअरच वापरावा लागतो. बक्षीस ल्युअरवर, जाहिरात ल्युअरची, म्हणून व्हिडिओही ल्युअरचेच. तलावाच्या काठी खुर्ची टाकून बसलेले इथले आजोबा आजही गांडूळ नाहीतर छोटा मासाच लावतात. ते कॅमेऱ्यात येत नाहीत इतकंच. आणि तो पेरी, ज्याचं नाव इतकी वर्षं घेतात, त्यानं तो मासा घरी नेला आणि घरच्यांनी शिजवून खाल्ला. मंदीचे दिवस होते, मासा सोडून द्यायची चैन परवडणारी नव्हती.

पण आबा, 'खरं जेवण समोर असताना' हे तितकंसं खरं नाही. मासा नेहमी भुकेनंच तोंड मारतो असं नाही. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर चढलं की नर बास तळाशी घरटं करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. त्या दिवसांत घरट्यावर पडलेली कुठलीही वस्तू तो रागानं हाकलतो, तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. क्रँकबेट खोडावर आपटून एकदम वाकडा वळतो तेव्हा पोट भरलेला बाससुद्धा झडप घालतो. दचकून म्हणा, चिडून म्हणा. ते काम गांडूळ करत नाही.

दुसरं, मासा परत सोडणार असाल तर जिवंत आमिष वाईट. मासा ते खोल गिळतो, गळ घशात नाहीतर आतड्यात रुततो आणि सोडलेला मासा पुढे मरतो. ल्युअर बहुधा ओठात लागतो. खाणार असाल तर प्रश्नच नाही.

चोरलवाल्याचं तीन ल्युअरचं गणित मला पटतं, पण त्यानं दिलेल्या कारणामुळे नाही. डब्यात वीस असले की माणूस दर पाच मिनिटांनी ल्युअर बदलत बसतो आणि पाण्याकडे बघायचं विसरतो.

महूकर

भिया, एवढा अभ्यास कशाला करताय? पावसाळ्यात तळ्यावर जा, पिल्लांचा लालसर थवा वर वळवळताना दिसेल. त्याच्यावरून बेडूक ओढा. नर-मादी दोघंही खालीच असतात, पहिल्या-दुसऱ्या फेकीत तोंड मारतात. अटलांटाकर म्हणतात तेच, राग. कुठल्या रंगाचा ल्युअर आहे याला काही अर्थ उरत नाही.

कमळपक्षी

याचीच वाट बघत होते.

महूकर दादा, तुम्ही ज्याला युक्ती म्हणताय त्याचा पुढचा भाग मी काठावर बसून बघितलेला आहे. मोठी मरळ पाण्याबाहेर गेली की तो केशरी गोळा आधी घट्ट होतो आणि मग फुटतो. दुसऱ्या बाजूनं बगळा आणि पाणकावळा येतात. खालून इतर मासे सुरू होतात. इतके दिवस आईबापांच्या पहाऱ्यात वाढलेला थवा तासाभरात उरत नाही. एक मासा घेतलात असं तुम्हाला वाटतं, पण त्या तळ्यातलं पुढचं पीकच नेलंत.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते ती याचसाठी. मोडली तर दंड आहे, कैदही आहे.

आता आमिष म्हणून जिवंत बेडूक, कारण तो विषय निघणारच. १९८७ मध्ये सरकारनं बेडकाच्या तंगड्यांची निर्यात थांबवली, कारण शेतांतले बेडूक संपत चालले होते. रबरी बेडूक आहे तर तोच वापरा, या एका बाबतीत मी चोरलवाला दादांच्या बाजूनं. मात्र ते मऊ रबरी किडे तुटून पाण्यात राहतात आणि कुजत नाहीत, त्याबद्दल मास्तर एक अक्षर बोलले नाहीत.

महूकर

ताई, बंद ऋतूचा आदेश नीट वाचा. ज्या छोट्या तळ्यांचा नदी-नाल्याशी काही संबंध नाही त्यांना तो लागू नाही. मी जातो ते तळं गावातलं आहे, ठेकेदाराला विचारून जातो. उलट तो खूश होतो. मरळ त्याची रोहूची बोटुकली खाते, त्याच्या दृष्टीनं ती चोरच. मी तिला काढली तर त्याचं भलंच होतं.

चोरलवाला

महूकर, कायद्यात सूट आहे म्हणून पहाऱ्यावरची मरळ उचलायची हे मला जमणार नाही. मी पावसाळ्यात काठी बाहेर काढत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी ऊबदार असतं, पिल्लं पांगलेली असतात, तेव्हा सरळ शिकार करणारी मरळ मिळते. त्यात जी मजा आहे ती चिडवून ओढण्यात नाही.

मास्तर, थंडीतल्या टेक्सास रिगचं मान्य. पण तेवढ्यानं वीस ल्युअर लागतात हे सिद्ध होत नाही, फार तर चार लागतात.

रीळमास्तर

चार नाही हो. बडवाह-मंडलेश्वरकडे नर्मदेवर गेलात तर बेडूक आणि किडा दोन्ही घरी ठेवा. वाहतं पाणी, खालचे दगड, तिथे लागतो चमचा, म्हणजे धातूचा वळणारा पत्रा, आणि खोल बुडी मारणारा प्लग, म्हणजे कडक नकली मासा. महासीर त्यावरच येते.

ताई, रबराचं बरोबर आहे. मी तुटके किडे खिशात घालून परत आणतो, पण सगळेच आणतात असं म्हणणार नाही.

कमळपक्षी

महासीर २०११ पासून आपल्या राज्याचा राज्यमासा आहे. तिला खडकाळ तळ आणि वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. एकामागून एक धरणं झाली आणि नर्मदेचा मोठा पट्टा साचलेला जलाशय होऊन बसला. जी थोडी उरली आहे तिच्यासाठी कुठला चमचा चांगला, ही चर्चा निदान माझ्यासमोर तरी नको.

बिलावलीचे आबा

मुली, तू म्हणतेस ते खरं आहे. आमच्या लहानपणी नर्मदेवरचे केवट तिला बाडस म्हणायचे आणि ती बाजारात सहज दिसायची. आता नाही दिसत.

पण बाकीच्यांना एक विचारतो. बास भुकेनं खातो, रागानं खातो, दचकून खातो, हे सगळं समजलं. तुम्ही मंडळी मासा धरायला जाता की त्याला छळायला? मी पेंडीची गोळी टाकतो, रोहूला भूक असेल तर येतो, नसेल तर मी डबा उघडून पोहे खातो. आमच्यात भांडण होत नाही.

अटलांटाकर (मूळचा रामबागेतला)

आबा, गळाला लागल्यावर रोहूला हा फरक कितपत कळतो कुणास ठाऊक 🙂 पण पोह्यांचं आमंत्रण समजून डिसेंबरात येतोय. मास्तर, टेक्सास रिगचं सामान इकडून घेऊन येतो, तिकडे दुप्पट भावानं मागवू नका.

महूकर

मला पिल्लांचं अजून पटलेलं नाही. ठेकेदारालाच मरळ नको असेल तर आपण कोण?

कमळपक्षी

नको असलेली ती मरळ ठेकेदार बाजारात रोहूपेक्षा चढ्या भावानं का विकतो, ते त्याला विचारून इथे येऊन सांगा.