डांगरवाडी म्हणजे नक्की काय?

पुण्याहून नागपूरला शिफ्ट झालेय. इथं कॉटन मार्केटमध्ये एक आजी "नदीचं डांगर घ्या, नदीचं" असं ओरडून राहिल्या होत्या (बघा, 'राहिल्या' लागलं मला पण) आणि टोपलीत होती खरबुजं. आमच्याकडं डांगर म्हणजे लाल भोपळा, नाहीतर उडदाचं पीठ ताकात कालवून करतात ते. शेजारच्या काकू म्हणाल्या डांगरवाडीतलं असेल. आता ही वाडी कोणत्या तालुक्यात आली? मॅपवर तर काही दिसत नाही.

---

ताई, मॅपवर कशी दिसंल, ते गाव नाहीच ना. कोकणात वाडी म्हणजे वस्ती, आमच्याकडं वाडी म्हणजे भाजीपाल्याचा, फळाचा कुंपण घातलेला तुकडा. डांगर म्हणजे खरबूज. टरबूज वेगळं, पण वाडीत दोन्ही लागतात, काकडी, दोडकेही लागतात, तरी नाव डांगराचंच. आणि लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो, त्यामुळं इथं काही घोळ होत नाही, घोळ तुमच्याकडं आहे.

डांगरवाडी नदीच्या पात्रात असते, काठावर नाही. वैनगंगा, कन्हान, वर्धा, जिथं रुंद रेती उघडी पडते तिथं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की रेतीत ओल लागेपर्यंत लांब नाल्या खोदायच्या, त्यात शेणखत भरायचं, बी टोवायचं, वाऱ्यानं रेती उडून वेल बुजू नये म्हणून गवताचे आडोसे लावायचे. बाजूला झिरा खणायचा, हातभर खोल गेलं की पाणी, तेच घागरीनं घालायचं. उन्हाळाभर अख्खं कुटुंब तिथंच खोपडीत, आणि पहिल्या पावसाच्या आधी सगळं गुंडाळून परत. ढिवर लोकांचं हे जास्त, पावसाळ्यात मासोळी आणि उन्हाळ्यात डांगर.

---

वरच्या भाऊंनी सगळं वर्तमानकाळात लिहिलंय, ते मला खटकलं 🙂 माझं आजोळ पवनीकडचं. तिथल्या वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातून झालं, पुढं धरणात पाणी अडलं आणि बॅकवॉटर पार भंडारा शहराच्या अंगाला येऊन टेकलं. आता रेती उघडी पडायलाच तयार नाही तर वाडी लावता कुठं? शेत बुडालं त्याचा सातबारा तरी होता, मोबदला कमी म्हणून भांडायला कागद होता. नदीचं पात्र सरकारी, डांगरवाडी सातबाऱ्यावर कधी आलीच नाही, मग बुडाली म्हणून सांगायचं कोणाले?

आणि त्या साठलेल्या पाण्यात येतं काय तर नागपूरचं सांडपाणी. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. झिरा हा शब्द आमच्या मामीच्या तोंडी रोजचा होता, प्यायचं पाणी झिऱ्याचंच, आता तिच्या नातवाला झिरा म्हटलं की जिरा राईस आठवतो.

---

कन्हानचं वेगळं आहे हं. तिथं पात्र बुडालं नाही, उलट कोरडं पडलं. पेंच कन्हानची उपनदी, तिच्यावर वर छिंदवाड्याकडं चौराई धरण, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी, आणि तिथून आपल्या नागपूरच्या नळाला पाणी. म्हणजे आपणही यात आहोच. त्यात रेतीघाट. रेती उपसून खाली दगडमाती लागली की ओल धरणार कोण, डांगराला रेतीच लागते. आता 'घाट' म्हटलं की पोरांना ट्रक अन् लिलाव आठवतो, धुणं धुवायचा घाट नाही.

---

म्हणजे मार्केटमध्ये 'नदीचं' म्हणतात ते खरंच नदीचं असतं का?

---

काही असतं, जिथं रेती शिल्लक आहे तिथलं. पण बरंचसं शेतातलं, मल्चिंग पेपर अन् ड्रिपवरचं हायब्रीड. वाईट नसतं, गोड असतं, फक्त 'नदीचं' म्हटलं की दोन रुपये जास्त मिळतात म्हणून तो शब्द टिकलाय. विचारायचंच असेल तर 'कोणत्या नदीचं, कोणत्या गावचं' असं विचारा, खरं असलं तर आजी गावाचं नाव सांगून मोकळी होते.

---

मराठवाड्यात अशा वाडीला काय म्हणतात? गोदावरीकाठचं कोणी आहे का इथं?