वैमानिकाचं हेल्मेट कोकणात ठेवायचं की घाटावर?

खारा वारा: गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक हे लढाऊ विमान उघड्यावर उभं आहे. डिसेंबर 1971 मध्ये ज्या विमानांनी विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले, त्याच जातीचं. विमानाचा पत्रा धुऊन, रंगवून टिकवता येतो. वैमानिकाच्या अंगावरच्या वस्तूंचं तसं नाही. कातडी हेल्मेट, लोकरी गणवेश, लॉगबुक म्हणजे उड्डाणांची नोंदवही, अशी देणगी किनाऱ्यावरच्या छोट्या संग्रहालयाला मिळाली, तर अस्सल वस्तू घाटावर पाठवाव्यात आणि इथे प्रतिकृती मांडाव्यात, असं माझं ठाम मत आहे. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की कातड्यावर बुरशी धरते. आपल्याकडे भर पावसात ती 80 च्या खाली क्वचितच उतरते.

माडाखाली: साफ असहमत. वस्तू खोलीत नाही, काचपेटीत राहते. पेटी घट्ट बंद होणारी हवी आणि खालच्या कप्प्यात घनमीटरला साधारण 20 किलो सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. मात्र ते आधी 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरवून घ्या. भट्टीतून काढलेलं कोरडं ठणठणीत जेल तसंच घातलं तर कातडं आकसतं आणि शिवणीपाशी तडकतं. आत केसाएवढीही फट नको, छोटा आर्द्रतामापक हवा, प्रकाश 50 लक्सपर्यंत. प्लायवूडची पेटी नकोच, त्यातून आम्लाची वाफ सुटते. एवढं केलं की हेल्मेट त्याच्या गावातच राहील. तिथली पोरं प्रतिकृती पाहून काय करणार?

खारा वारा: कागदावर सगळं ठीक. पण हे करणार कोण? बहुतेक ठिकाणी दिवसा एसी 24 अंशांवर आणि संध्याकाळी बंद. पावसाळ्यात इथला दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, 25 अंशांच्या आसपास असतो. बाहेरची हवा आत शिरली की गार काचेवर, पदकांवर चक्क पाणी जमतं. असा अर्धवेळ एसी असण्यापेक्षा नसलेला परवडला.

माडाखाली: ते मान्य. म्हणून तर एसीऐवजी पेटीवर खर्च करा म्हणतोय.

जुनी कपाटं: दोघांनी एक गोष्ट सोडली. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचा उंचीमापक देणगीत असेल तर त्याच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. आता चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं, पण रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षांचं आहे. काच उघडायची नाही, तबकडी पुसायची नाही, आधी किरणोत्सार मोजून घ्यायचा. आणि माडाखाली, तुमच्या घट्ट पेटीत हा ठेवलात तर आत रेडियममधून सुटणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठेल. त्याची जागा वेगळी, हवा खेळती असलेली.

माडाखाली: बरोबर, तबकडी वेगळी ठेवू. हेल्मेटबद्दलचं मत बदलत नाही.

जुनी कपाटं: मग तीन गोष्टी लिहून भिंतीवर लावा. कातड्याला खोबरेल चोळू नये. ते खवट होतं आणि बुरशीला खाद्य मिळतं. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने गॉगलचं जुनं प्लॅस्टिक मऊ पडतं. पदकं चिंचेने घासली तर कोरीव अक्षरं झिजतात, तेही बंद.

खारा वारा: निदान लॉगबुक तरी घाटावर जाऊ द्या. शाई आणि कागद दोन्ही उजेडाने, दमटपणाने जातात. पानांच्या रंगीत छायाप्रती इथे वाचायला ठेवता येतात. हेल्मेटसाठी मात्र पेटी आधी, देणगीचा स्वीकार नंतर. रिकाम्या पेटीतला आर्द्रतामापक एक अख्खा पावसाळा 55 टक्क्यांच्या आत राहिला, तरच.