व्हिलन पारधी दाखवला तर चालेल का?

कोरा_कागद: कादंबरी लिहितोय, सोलापूर-बार्शीकडची. मेन व्हिलन पारधी आहे, दरोड्याच्या टोळीचा म्होरक्या. माणूस मस्त उभा राहिलाय, पोरीवर जीव आहे त्याचा, लहानपणी पोलिसांचा मार खाल्लेला वगैरे सगळं आहे, पण मित्राने वाचून तोंड वाकडं केलं, म्हणे परत पारधी म्हणजे चोरच का? मग वाईट काय फक्त पाटील नि आमदारच दाखवायचे का? भांडायला नाही, खरंच विचारतोय.

झुणकाभाकर: मित्राचं बरोबर आहे रे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातीच जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, तरी गावात पंपाची मोटर चोरीला गेली की जीप आधी पालावरच जाते. तुझा म्होरक्या त्या जीपमधल्या साहेबाला पटेल असाच आहे, मार खाल्लेला दाखवून फक्त कारण जोडलंस. वाईट कर ना त्याला, पण गुन्हा बदल.

पालावरचा: मी पारधीच आहे. वाईट माणसं आमच्यातपण आहेत की. आमच्याकडे एक खबऱ्या होता, पोलिसांना पोरं पुरवायचा. केस कुणाच्या अंगावर घालायची ते हा ठरवणार, ज्याने पैसे दिले त्याचं पोरगं सुटलं, नाही दिले त्याचं आत. माझा चुलता असाच दोन वर्षं आत होता. आणि ह्याच माणसाने माझ्या जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला चार हेलपाटे घातले, स्वतःच्या खर्चाने. आई त्याचं नाव निघालं की थुंकते, पण मयताला गेली होती.

रातराणी: बाप रे, हा माणूस लिहा!! आणि कादंबरीत तो एकटाच पारधी नको हो, भावकी येऊ दे, त्याच्याशी भांडणारी एखादी बाई येऊ दे. भाषेचंपण बघा, घरात ते गुजरातीच्या जवळचं बोलतात, पिक्चरमधली गावंढळ मराठी नका घालू तोंडात.

कोरा_कागद: दरोडा काढतोय. पालावरचा, राग नसेल तर विचारू? आई मयताला का गेली?

पालावरचा: विचारलं होतं मी. म्हणाली, खरंच मेला का ते बघायला. पण त्या रात्री जेवली नाही.