आरव्ही-१०: छप्पर बसवायच्या आधी केबिनचं काय काय उरकावं?

ह्यूस्टनकर
गॅरेजमध्ये आरव्ही-१० चं, म्हणजे किटमधून घरी बांधायच्या चार सीटांच्या विमानाचं, फ्यूजलाज (मधलं धड) उभं आहे, फायबरग्लासचं छप्पर अजून बसवलेलं नाही. एकदा ते बसलं की सगळं काम आत वाकून करावं लागणार. म्हणून सीटा, कार्पेट, हेडलायनर (छताचं आतलं अस्तर) आत्ताच मागवू का? मागे आई-बाबा बसणार, त्यामुळे आवाजासाठी जाड फोम लावायचा विचार आहे. फायरवॉललाही (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आतून लावला तर चालेल ना?

डेटनचा रिवेटवाला
फायरवॉलला आतून काहीही चिकटवू नका. पलीकडे आग लागली तरी टिकावी म्हणून ती स्टेनलेसची असते. पत्रा टिकतो हो, पण इतका तापतो की आतला फोम आणि गोंद धुमसायला लागतो, तोही तुमच्या पायांपाशी. लावायचंच तर इंजिनाच्या बाजूने सिरॅमिक फायबर आणि वरून स्टेनलेसची फॉइल.

कार्पेट, हेडलायनर सध्या विसरा. रंग मात्र आत्ताच मारा, उभ्या उभ्या स्प्रे गन सगळीकडे पोचते. जे फ्लोअर रिवेट मारून कायमचे बंद होणार, त्यांच्याखालून आधी कॉन्ड्युट (वायरी ओवायच्या नळ्या) टाका, एखादी रिकामीसुद्धा. हेडसेटचे जॅक, मागचे व्हेंट, छपरातले दिवे यांच्या जागा पत्र्यावर शार्पीने आखा. पेन्सिल नको, ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजतं.

फोमचा नमुना मागवून अंगणात लायटरने पेटवून बघा. ज्योत काढली की विझला पाहिजे. जळते थेंब गळले तर सरळ परत पाठवा. प्रमाणित विमानांचे ज्वलनाचे नियम आपल्या घरी बांधलेल्या ‘एक्सपेरिमेंटल’ विमानाला लागत नाहीत, म्हणून तर स्वतः तपासायचं.

आणि वजन! ॲव्हगॅसचा (विमानाचं पेट्रोल) एक गॅलन ६ पौंडांचा. सजावट ३० पौंडांची झाली तर ग्रॉसच्या, म्हणजे भरलेल्या विमानाच्या कमाल वजनाच्या, २७०० पौंडांत बसायला ५ गॅलन इंधन खाली ठेवावं लागेल, नाहीतर आईंची बॅग. चाचणी उड्डाणांचे पहिले सहसा ४० तास (इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५) तसेही प्रवासी नेता येत नाहीत. तेवढे उघड्या पत्र्यावर उडवा. दारातून वारा कुठे शिरतो, पाणी कुठे गळतं ते तेव्हाच कळतं, आणि बराचसा आवाज त्याच फटींतून येतो. आई-बाबांना चांगले एएनआर (आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाबणारे) हेडसेट घेऊन द्या, फोमपेक्षा जास्त उपयोग होईल.

सॅन होजेची वैमानिका
दादांशी बहुतेक सहमत. ह्यूस्टनच्या दमट हवेत पाणी शोषणारा फोम तर नकोच, मागे पत्रा गंजत राहतो आणि दिसत नाही. क्लोज्ड-सेलच (बंद पोकळ्यांचा, पाणी न शोषणारा) घ्या. कार्पेट वेल्क्रोवर ठेवा, दरवर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनला ते उचलावंच लागतं. सीटांची ऑर्डर मात्र लवकर द्या. शिवणारे महिनोन्‌महिने लावतात.

ह्यूस्टनकर
सगळं पटलं. पण मग पहिल्या उड्डाणाला मी बसू कशावर? पाटावर?

डेटनचा रिवेटवाला
पुढच्या दोन सीटा आधी करून घ्या, ताईंचं बरोबर आहे. सोफ्याचा फोम मात्र नको. हळू दबणारा टेम्पर फोम घ्या, आपटलं तर कण्याला त्याचाच आधार. कुशन दबल्यावर डोळे समोरच्या काचेच्या खालच्या कडेपासून किती वर राहतात ते आत बसून बघा, मगच जाडी ठरवा. बाकीचं नंतर चढवाल तेव्हा वेट अँड बॅलन्स (वजन आणि तोल यांचा हिशेब) पुन्हा मांडा आणि लॉगबुकात नोंद करा.