पछाडलेली, झपाटलेली की नादावलेली?

मध्यलय:
एका मानसशास्त्रीय थरारकथेचं भाषांतर करतेय. नायिका चेलो वाजवते. गेलेल्या गुरूंची एक धून तिच्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्याआड दडलेलं जुनं काहीतरी तिला झोपू देत नाही. मी लिहिलं, 'भूतकाळाने तिला पछाडलं होतं.' संपादकबाई म्हणतात, पछाडणं हिंदी कुस्तीतलं, 'झपाटलं' करा. पण झपाटून तर मुलं एमपीएससीचा अभ्यास करतात! भीती कुठे उरली त्यात?

कोथरूडकर:
हिंदीत पछाडणं म्हणजे चीत करणं. मराठीत भूत पछाडतं. इतकी वर्षं इथे नांदलेला शब्द परका कसा? शिवाय 'भूत' म्हणजे होऊन गेलेलं आणि मानगुटीवर बसलेलंही. पछाडलंच ठेवा.

सप्तक:
मला 'नाद' हवा. सूरही तोच, खूळही तेच. एकनाथी भागवतात (१५७३ साली काशीत पूर्ण झालेलं) अवधूताच्या चोवीस गुरूंत हरीण आहे. गाण्याला भुलून फासात सापडतं. 'नादी लागणे' तिथूनच आलं, असं मला मनापासून वाटतं.

कऱ्हाकाठ:
वाटून काय उपयोग? आमच्याकडे शर्यतीच्या बैलांच्या नादी लागतात, तिथे कसलं गाणं? आणि हल्ली 'नादखुळा' कौतुकानं म्हणतात. वाचक घाबरायचा नाही.

सप्तक:
घाबरेल. नारायण पेठेतल्या आमच्या आजोबांनी तंबोऱ्यापायी नोकरी सोडली. आजी त्यांना 'वेडे' कधीच म्हणाली नाही, 'नादावले' म्हणायची. ते गेल्यावरही तंबोरा कोपऱ्यात उभा होता. घरात कुणाचा आवाज नेमका त्या सुराला लागला की तार आपोआप बोलायची. आजीने त्याला गवसणी घातली, तेव्हा कुठे ती त्या खोलीत झोपू लागली.

मध्यलय:
काटा आला अंगावर. पण 'नादावली' लिहिलं तर भूतकाळ कुठे बसवू?

कोथरूडकर:
यालाच अनुनाद म्हणतात. कंपनसंख्या जुळली की न छेडलेली तारही हलते. कथेचं नावच 'अनुनाद' ठेवा.

कऱ्हाकाठ:
पुन्हा संस्कृत! भूत पछाडतं, लागतं, धरतं. ते अनुनाद कधी करतं? आणि गवसणी काय? आम्ही खोळ म्हणतो.

सप्तक:
खोळ उशीची. वाद्याची गवसणीच. आकाशाला घालतात तीही हीच.

कऱ्हाकाठ:
पखवाजाचीसुद्धा खोळच हो. सासवडला कुठल्याही भजनी मंडळात विचारा.