मदत हवी आहे : विंडोज १० सोडून लिनक्स, मराठीतून शिकायचं कशावरून?

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका वाचनालयात चार जुने संगणक आहेत. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही यंत्रं विंडोज ११ घेत नाहीत. त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली टाकायचा विचार आहे. वापरणारे म्हणजे ज्येष्ठ वाचक आणि सीपीसीटीची (मध्य प्रदेशातली संगणक-टायपिंगची परीक्षा) तयारी करणारी मुलं. शिकायला मराठीत काही आहे का? टायपिंगचं काय?

प्रतिसाद १
आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' घ्या. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी आवाजात आणि हिंदीतही. एका खिडकीत धडा, दुसरीत प्रत्यक्ष काम, मध्ये मध्ये थांबवत. बरेच धडे जुन्या उबंटूवर (लिनक्सचाच दुसरा प्रकार) केलेले आहेत, त्यामुळे पडदा वेगळा दिसेल. एलएस (यादी पाहणे), सीडी (फोल्डर बदलणे), सीपी (प्रत काढणे) या टाइप करायच्या आज्ञा मात्र त्याच आहेत. ज्येष्ठांना टर्मिनलपासून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीपासून, सुरुवात करायला लावू नका. आधी लिबरऑफिस रायटर (वर्डसारखं लिहिण्याचं सॉफ्टवेअर) शिकवा, ते त्यांच्या रोजच्या कामाचं आहे.

प्रतिसाद २
४ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, सिनॅमन ही दुसरी आवृत्ती जड जाईल. इन्स्टॉल करायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइल पूर्ण आणि मूळचीच आहे हे तपासायची खूण) मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल हे इन्स्टॉल मध्येच अडकण्याचं नेहमीचं कारण. मग आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवा आणि वायफाय, प्रिंटर, आवाज तपासा. त्या अवस्थेत जपलेलं काम संगणक बंद केला की जातं, हे मुलांना आधीच सांगा. विंडोजही ठेवणार असाल तर तिचं 'फास्ट स्टार्टअप' (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून डिस्कचा विंडोजचा भाग फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

प्रतिसाद ३
टायपिंगसाठी 'कीबोर्ड', मग 'लेआउट', तिथे मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) जोडा. वेगळं काही टाकावं लागत नाही. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाका, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा आणि एकदा लॉगआउट करा. लॉगआउट राहून गेलं की भाषा दिसतच नाही. मुलांना इन्स्क्रिप्टच शिकवा: सीपीसीटीत चालतो आणि हिंदी-मराठीला जवळपास एकच. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली मात्र इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारख्या उघडतील. फॉन्ट टाकला तर वाचता येतील, पण त्यांत शब्द शोधता येणार नाही. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलूनच ठेवा.

धागाकर्ता
आभार. पेनड्राइव्हवरून चारही चालू झाले, एकावर इन्स्टॉलही केलं. पण टर्मिनल सुडोनंतर (प्रशासकाचे अधिकार मागणारी आज्ञा) पासवर्ड घेतच नाही, पडद्यावर काही उमटत नाही.

प्रतिसाद २
कधी कधी काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. तरी टाइप करून एंटर दाबा. आणि कीबोर्ड मराठीवर राहिलेला नाही ना, तेवढं पाहा.